आहेराची यादी कोणाच्या हाती असावी?

सांगलीहून एका वधुमातेने पाठवलेल्या पत्राचा मुख्य भाग आधी देते आणि मग उत्तराकडे वळते.

"माझ्या मुलीचे लग्न सहा आठवड्यांवर आले आहे. ती आणि होणारे जावई दोघेही बेंगळुरूत नोकरी करतात आणि लग्नानंतर तिथेच भाड्याच्या घरात संसार मांडणार आहेत. नव्या घरासाठी लागणाऱ्या ४२ वस्तूंची यादी दोघांनी गुगल शीटवर तयार केली, प्रत्येक वस्तूपुढे किंमत आणि 'कोण देणार' असे दोन रकाने ठेवले आणि तिची लिंक दोन्हीकडच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली. भाचरांनी उत्साहाने नावे लिहिली. मोठ्या जाऊबाईंनी मात्र 'आता आहेरही मागून घ्यायचा का?' एवढेच लिहून ग्रुप सोडला. आमच्या घरातल्या प्रत्येक लग्नात आहेराची वही गेली तीस वर्षे त्याच लिहीत आल्या आहेत. मिरजेच्या आत्याबाईंचा फोन आला की, त्या चांदीची वाटी देणार होत्या, पण ती यादीत नाही असे कोणीतरी वाचून दाखवले, तेव्हा आता द्यावी की नको? एका पुतण्याने सर्वांत महाग वस्तूपुढे स्वतःचे नाव लिहिल्यापासून दुसऱ्या पुतण्याच्या घरी धुसफूस सुरू आहे. शिवाय यादी असूनही एअर फ्रायर दोघांनी घेतला. व्याही मंडळी या सगळ्यावर काहीच बोललेली नाहीत आणि मला त्याचीच अधिक काळजी वाटते. मुलगी म्हणते की, यादी काढली तर पुन्हा दहा घड्याळे येतील. मी यादी काढून टाकायला सांगू का?"

ताई, सप्रेम नमस्कार.

यादी काढून टाकू नका, पण ती आज संध्याकाळपर्यंत ग्रुपवरून काढून घ्या, तिच्यातले किमतीचे आणि नावाचे रकाने पुसा आणि ती मुलीच्या व जावयांच्या हातातून काढून तिसऱ्या व्यक्तीकडे सोपवा. तुमच्या घरात जे काही बिनसले आहे ते यादी केल्यामुळे बिनसलेले नाही. ती कोणी, कोणापुढे आणि विचारण्याआधी मांडली, त्यात ते आहे. हे का म्हणते ते सविस्तर सांगते, कारण कारण समजले नाही तर तुम्ही रकाने पुसाल आणि जाऊबाईंचे दुखणे तसेच राहील.

आधी मुलीची बाजू. ती खरी आहे आणि आपल्या पिढीने ती मोकळेपणाने मान्य करायला हवी. माझ्या लग्नात सात लेमन सेट आले होते. त्यातले दोन वापरले गेले आणि उरलेले पाच पुढच्या चार-पाच वर्षांत निरनिराळ्या लग्नांत वेष्टन बदलून पुढे गेले. तेव्हा घरोघरी तसेच चालत असे, आणि माळ्यावर जागा होती म्हणून ते खपूनही जात असे. बेंगळुरूच्या दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात माळा नसतो आणि घर बदलताना प्रत्येक खोक्याचे भाडे भरावे लागते. गणपतीच्या मूर्तींचे तर आणखी अवघड होते. कोणी प्रेमाने दिलेली मूर्ती कपाटात कोंबून ठेवायला मन धजत नाही, देव्हाऱ्यात एकाहून अधिक ठेवायला घरातली वडीलधारी मंडळी हरकत घेतात आणि दुसऱ्याला द्यायलाही संकोच वाटतो, त्यामुळे देणाऱ्याची श्रद्धा घेणाऱ्याच्या मनावर ओझे होऊन बसते. हे टाळावे असे नव्या जोडप्याला वाटले, तर त्यात हावरटपणा नाही. देणाऱ्याने कष्टाने मिळवलेले पैसे वाया जाऊ नयेत, एवढाच विचार त्यात आहे, आणि ग्रुपवर नावे लिहिणाऱ्या भाचरांना तो बरोबर कळला.

आता जाऊबाईंची बाजू, जी मला अधिक महत्त्वाची वाटते, कारण ती कोणी नीट बोलून दाखवलेली नाही. आपल्याकडच्या लग्नात यादी कधी नव्हती असे नाही. मांडवात एका कोपऱ्यात किंवा कार्यालयात व्यासपीठाच्या पायऱ्यांजवळ घरातली एक विश्वासू, अक्षर चांगले आणि जीभ आवरलेली व्यक्ती वही घेऊन बसते आणि पाकिटावरचे नाव, आतली रक्कम, साडी, भांडे, सगळे टिपून ठेवते. भांड्यावर नाव घालून देण्याची पद्धतही त्याच हिशेबाची. आजही अनेक घरांत ताट उलटे केले की, ते कोणाच्या लग्नात कोणी सप्रेम दिले हे वाचता येते. पुढे त्या घरी कार्य निघाले की वही उघडली जाते, त्यांनी आपल्याला काय दिले होते ते पाहिले जाते आणि परतीचा आहेर त्याला शोभेल असा ठरवला जातो. म्हणजे कोणी किती दिले याची नोंद आपल्या संस्कृतीने अगदी काटेकोरपणे ठेवली, पण ती देऊन झाल्यावर ठेवली आणि एका घराच्या कपाटात ठेवली. एखाद्या वर्षी हात आखडता असलेल्या काकांनी १०१ रुपयांचे पाकीट दिले, तर ते फक्त वही लिहिणाऱ्या बाईला कळत असे आणि ती ते कोणाला सांगत नसे. तुमच्या जाऊबाईंनी तीस वर्षे ही गुपिते सांभाळली आहेत. कोणाच्या नावापुढे कोणता आकडा आहे, हे त्यांच्याखेरीज कोणाला माहीत नाही, आणि त्यांनी ते कधी बोलून दाखवले नाही, म्हणूनच ते काम त्यांच्याकडे राहिले.

मुलांच्या शीटने नेमकी हीच गोष्ट उलटी केली. वस्तू, किंमत आणि देणाऱ्याचे नाव हे तिन्ही एका ओळीत आले आणि ते आहेर देण्याआधीच दोन्ही घरच्या सर्व नातेवाइकांपुढे उघडे पडले. ज्याला १,२०० रुपयांची वस्तू परवडते त्याचे नाव १८,००० रुपयांची वस्तू निवडणाऱ्याच्या नावाखाली आले, आणि ज्याने काहीच लिहिले नाही त्याचे नाव नसणेही सर्वांना दिसू लागले. तुमच्या दुसऱ्या पुतण्याच्या घरची धुसफूस याच ओळींमधून निघाली आहे. तो पुतण्या कदाचित मनाचा कोता नसेल. त्याला आपल्या भावाशेजारी उभे करून मोजले गेले, हे त्याला लागले आहे. मुलांना याची कल्पना नव्हती, कारण ऑफिसात चारजणांनी मिळून काम करताना असे रकाने करण्याची त्यांना सवय आहे आणि तिथे ते योग्यही असतात. त्यांना रागावू नका. ही वही कशी चालते, हे त्यांना कोणी कधी सांगितलेले नाही.

'मागून घेणे' या शब्दाबद्दलही थोडे लिहिते. लग्नाच्या भेटींची यादी ठेवण्याची पद्धत अमेरिकेत रूढ झाली ती दुकानांमुळे. शिकागोच्या मार्शल फील्ड्स या मोठ्या दुकानाने १९२४ साली वधूची पसंती लिहून ठेवण्याची सोय सुरू केली. यादी दुकानात असे, जाणारा स्वतः जाऊन विचारत असे आणि ती निमंत्रणपत्रिकेसोबत पाठवणे तिथल्या जुन्या वळणाच्या घरांतही अशिष्ट मानले जाई. यावरून एवढे लक्षात येते की, यादी म्हणजे 'काय देऊ?' या प्रश्नाचे उत्तर आहे. प्रश्न आला की उत्तर द्यावे. प्रश्न येण्याआधी उत्तर घरोघर पाठवले की ती मागणी होते, मग तिच्यातले शब्द कितीही गोड असोत. आपल्याकडे पत्रिकेवर 'कृपया आहेर आणू नये' असे छापण्याची पद्धत पडली त्यामागेही हाच संकोच आहे, आणि तरीही जवळची माणसे फोन करून 'ते पत्रिकेचे राहू दे, तुला काय हवे ते सांग' असे म्हणतातच. तुमची यादी या फोन करणाऱ्यांसाठी आहे. ग्रुपमधल्या सगळ्यांसाठी ती नाही.

म्हणून पहिले पाऊल ग्रुपवर. लिंक ज्याने टाकली त्याला संदेश 'सर्वांसाठी डिलीट' करता आला तर करू द्या, मुदत उलटून गेली असेल तर शीटच्या शेअर करण्याच्या सेटिंगमध्ये जाऊन लिंकद्वारे मिळणारा प्रवेश बंद करायला सांगा. म्हणजे जुन्या लिंकवर बोट ठेवले तरी काही उघडणार नाही. त्यानंतर खुलासा मुलीने करू नये, तुम्हीही करू नये, दोघींनी मिळून करावा. मजकूर साधारण असा असू द्या: 'नव्या घरासाठी लागणाऱ्या वस्तूंची यादी आम्ही उत्साहाच्या भरात ग्रुपवर टाकली. तसे करायला नको होते, त्याबद्दल क्षमस्व. ती यादी आता बंद केली आहे. आपण सर्वांनी लग्नाला यावे, एवढीच आमची इच्छा आहे.' यात यादी पुढे कुठे मिळेल हे लिहू नका. ज्यांनी आधीच वस्तू घेतल्या आहेत त्यांना स्वतंत्रपणे फोन करून आभार माना, नाहीतर आपलेच काही चुकले असे त्यांना वाटेल.

दुसरे पाऊल म्हणजे यादीचा ताबा. गुगल शीट ज्याने तयार केली त्याला तिच्यातले प्रत्येक पान दिसते, प्रत्येक बदल दिसतो, आणि आवृत्त्यांच्या इतिहासात तर पुसून टाकलेले नावही नंतर वाचता येते. त्यामुळे आहे त्याच शीटमधली नावे पुसून भागणार नाही. विश्वासातल्या कोणीतरी नवी शीट तयार करावी, आणि ती व्यक्ती वधू, वर किंवा दोघांचे आईवडील यांपैकी नसावी. मुलीची एखादी मावसबहीण किंवा चुलत वहिनी, जिला दोन्हीकडची माणसे ओळखतात आणि जी फोन उचलते, ती सर्वांत योग्य. जोडप्याने तिला वस्तूंची नावे सांगावीत आणि मग लग्न होईपर्यंत ती शीट उघडू नये. कोण काय देणार हे घेणाऱ्याला आधी कळले नाही, की कोणाचा आहेर लहान म्हणून त्याच्याशी वागताना नकळतही फरक पडत नाही.

या नव्या शीटमध्ये तीनच रकाने पुरेत: वस्तू, तिचा तपशील आणि 'ठरले' अशी खूण. देणाऱ्यांची नावे त्या मावसबहिणीने आपल्या खासगी वहीत लिहावीत. इतरांना शीट फक्त पाहण्याची परवानगी द्यावी, बदल करण्याची देऊ नये. ज्याला वस्तू घ्यायची आहे त्याने तिला फोन किंवा संदेश करावा आणि तिने खूण करावी. हे थोडे जुन्या वळणाचे वाटेल, पण तुमच्याकडे एअर फ्रायर दोनदा आला तो यादीत खोट होती म्हणून नव्हे, तर एकाने आधी खरेदी केली आणि नाव लिहायचे काम मागे ठेवले म्हणून. आधी कळवायचे, खूण झाल्याचे उत्तर आले की मगच पैसे भरायचे, एवढा एकच नियम सर्वांना सांगितला की पुन्हा तसे होणार नाही. कोणी आठवडा उलटूनही वस्तू घेतली नाही, तर तिने हळूच विचारावे आणि गरज पडल्यास खूण काढावी.

ॲमेझॉनसारख्या दुकानाची विशलिस्ट का वापरू नये, असे मुलगी विचारेल. त्या यादीत काही सोयी खरोखर चांगल्या आहेत. खरेदी झालेल्या वस्तू यादीच्या मालकापासून लपवून ठेवण्याचीही सोय आहे. पण सांगलीतल्या हरभट रोडवरच्या दुकानातून कोणी पितळी पातेले घेतले, तर ते त्या यादीला आपोआप कळत नाही, आणि तुमच्याकडचे निम्म्याहून अधिक नातेवाईक दुकानात जाऊन, हातात घेऊन, घासाघीस करून आणि नाव घालूनच भांडे घेणार. त्यांना एका दुकानाशी बांधू नका. तरीही मुलांना तीच यादी वापरायची असेल, तर ती सर्वांना खुली न ठेवता फक्त लिंक असलेल्यांसाठी ठेवावी आणि घराच्या पत्त्याविषयीचे सेटिंग एकदा नीट वाचावे. नवविवाहितेचा पत्ता लिंकच्या मागे मागे कुठेही जाऊ नये.

यादीतल्या वस्तूंबद्दल मला बरेच सांगायचे आहे, कारण ४२ वस्तू ऐकून मी तुमच्या मुलीच्या जागी स्वतःला ठेवून पाहिले. किमतीचा रकाना काढा म्हटले, पण किमतीचा विचार मात्र यादी करतानाच करावा. निम्म्या वस्तू ५०० रुपयांच्या आत बसतील अशा असाव्यात: पोळपाट-लाटणे, किसणी, झारा, मसाल्याचा डबा, पायपुसणी, ताटांवर झाकायची जाळी, कपडे वाळत घालायच्या चिमट्यांचा संच. या वस्तू लहान म्हणून यादीत लिहायला मुलांना संकोच वाटतो, आणि नेमक्या त्याच पहिल्या दिवशी घरात नसतात. कॉलेजात शिकणाऱ्या भावंडाला किंवा निवृत्त मामांना यादी उघडल्यावर आपल्या ऐपतीची वस्तू पहिल्या काही ओळींतच दिसली पाहिजे. तपशील मात्र भरपूर द्यावा. 'कुकर' एवढे लिहिले तर पाच लिटरचा येईल आणि दोघांसाठी तीन लिटरचाच हवा असेल. भाड्याच्या घरात इंडक्शनची शेगडी असेल, तर बूड इंडक्शनला चालणारे हवे, हे लिहिल्याशिवाय कळणार नाही. कुकरवर आयएसआय चिन्ह पाहून घ्यावे, हेही लिहायला हरकत नाही. चादरींचे माप, मिक्सरची भांडी किती, पडद्याची लांबी, या गोष्टी लिहिल्या तर देणाऱ्याला दुकानात उभे राहून फोन करावा लागत नाही.

मोठ्या वस्तू यादीत ठेवूच नयेत, असे माझे मत आहे. धुलाई यंत्र किंवा फ्रिज घ्यायचा असेल तर भावंडांनी आपापसात वर्गणी काढून तो घ्यावा, आणि ती कल्पना त्यांच्यापैकीच कोणाची तरी असावी. अशा वर्गणीत कोणी किती दिले हे वर्गणी गोळा करणाऱ्याखेरीज कोणाला कळू नये आणि चिठ्ठीवर सर्वांची नावे सारख्याच अक्षरांत असावीत. ज्या पुतण्याने सर्वांत महाग वस्तू एकट्याने घ्यायचे ठरवले आहे, त्याला त्याच्या काकूच्या नात्याने तुम्ही सांगू शकता की, 'हौस मोठी आहे तुझी, पण भावालाही सोबत घे, दोघांनी मिळून दिलेत तर आम्हाला अधिक आनंद होईल.' तो ऐकेल असे मला वाटते. ऐकले नाही तरी त्याच्या नावाचा रकाना आता कोणाला दिसणार नाही.

रोख रकमेविषयी थोडक्यात. लग्नानिमित्त वधूवरांना मिळालेल्या भेटींवर त्यांना आयकर नाही, मग ती भेट नातेवाइकाची असो की मित्राची. पण ही सवलत ज्यांचे लग्न आहे त्यांना आहे, त्यांच्या आईवडिलांना नाही. तेव्हा कोणी यूपीआयने आहेर पाठवू म्हणाले तर तो तुमच्या खात्यात घेऊ नका, मुलीच्या किंवा जावयांच्या खात्यात जाऊ द्या. पत्रिकेवर क्यूआर कोड छापण्याची कल्पना कोणी सुचवली तर कृपया ती तिथेच थांबवा.

आता ज्याने तुमची झोप उडवली आहे त्या गोष्टीकडे येते. व्याही गप्प का आहेत, हे मला इथे बसून सांगता येणार नाही, पण या यादीतली एक गोष्ट दोन्ही घरांनी स्पष्ट करून घेणे आवश्यक आहे. यादी दोघांनी मिळून केली आहे आणि ती मुलीकडच्या नातेवाइकांपुढेही ठेवली आहे. उद्या वराने किंवा वराच्या घरच्यांनी वधूच्या माहेरच्यांकडे वस्तू मागितल्या, असे त्या कागदावरून कोणी म्हटले, तर तो आरोप साधा नाही. हुंडा प्रतिबंधक कायदा १९६१ सालचा आहे आणि त्यात न मागता, प्रथेप्रमाणे आणि देणाऱ्याच्या ऐपतीला धरून दिलेल्या भेटी वेगळ्या मानल्या आहेत. 'न मागता' या शब्दांवर तिथे सगळा भार आहे. तुमचे जावई तसे नाहीत, हे तुमच्या पत्राच्या सुरावरून दिसते, पण माणूस चांगला आहे म्हणून कागद मोघम ठेवू नये. म्हणून यादीत सोने, वाहन, फर्निचरचा संच असल्या गोष्टी असतील तर त्या आजच काढायला सांगा, तुम्ही आणि तुमचे यजमान यादीतली एकही वस्तू घेऊ नका, आणि ही यादी मुलांच्या मित्रमंडळींसाठी व विचारणाऱ्या भावंडांसाठी आहे, हे विहीणबाईंना तुम्ही स्वतः फोन करून सांगा. बहुधा त्यांनाही हाच संकोच वाटत असेल आणि मुलीकडच्या माणसांपुढे तो कसा बोलावा हे कळत नसेल. त्यांच्याकडच्या वडीलधाऱ्यांपैकीही कोणी दुखावले असण्याची शक्यता आहे, तेव्हा फोनवर त्यांना बोलू द्या, तुम्ही कमी बोला.

आत्याबाईंना मात्र मी हे सगळे वाचून दाखवायला सांगणार नाही. त्यांना फक्त सांगा की, चांदीची वाटी हवीच आहे आणि ती त्यांच्याच हातून हवी आहे. यादीत जे लिहिले आहे ते मिक्सरसारख्या वस्तूंपुरते आहे. भाचीच्या पहिल्या बाळाच्या उष्टावणाला ज्या वाटीतून खीर भरवली जाईल, ती वाटी आत्याने द्यायची की नाही, हे कोणत्या शीटवर ठरत नसते, आणि त्यांना 'देऊ की नको' असे विचारावे लागले, ही या सगळ्या प्रकरणातली मला सर्वांत लागलेली गोष्ट आहे. शक्य असेल तर फोन न करता एखाद्या दुपारी मुलीला घेऊन मिरजेला जा. मुलीने स्वतः 'आत्या, वाटी कधी दाखवतेस?' असे विचारावे. खण-नारळ, ओटी, मानाची साडी, आजीने आपल्या पेटीतून काढून द्यायचे जे काही असेल ते, या गोष्टींना यादीत ओळ नसावी आणि यादीतल्या वस्तूंशी त्यांची तुलनाही होऊ नये.

दोन एअर फ्रायरपैकी एक परत करता येत असेल तर त्या दोघांनीच आपापसात ठरवू द्या. परत करण्याची मुदत सहसा थोडक्याच दिवसांची असते, म्हणून मावसबहिणीने हा विषय आजच काढावा. परत होत नसेल तर मुलीने दोन्ही घ्यावेत आणि दोघांचेही सारख्याच मनाने आभार मानावेत. पुढे जड वस्तू कोणी घेणार असेल तर त्या सांगलीच्या कार्यालयात आणण्याऐवजी बेंगळुरूच्या पत्त्यावर पाठवणे सोयीचे. मात्र घराची किल्ली हाती येईल त्या तारखेनंतरच ऑर्डर द्यायला सांगावे आणि वॉरंटीसाठी बिल जपून ठेवायला सांगावे. किंमत दिसू नये म्हणून देणारे बिल फाडून टाकतात, आणि सहा महिन्यांनी मिक्सर बिघडला की सगळ्यांची पंचाईत होते. बिल मावसबहिणीकडे द्यावे, तिने ते पाकिटात बंद करून ठेवावे.

राहिल्या जाऊबाई. त्यांनी ग्रुप सोडला तो रागाने सोडला असे तुम्हाला वाटत असेल, पण मला त्यात आणखी काही दिसते. तीस वर्षे जी वही त्यांच्या मांडीवर असे, ती या लग्नात कोणीही त्यांना न विचारता परस्पर इंटरनेटवर उघडली गेली. त्यांचा प्रश्न बोचरा होता, पण तो विचारण्याचा अधिकार त्या घरात त्यांच्याइतका कोणालाच नाही. त्यांच्याकडे तुम्ही एकट्याने जा, मुलीला नंतर घेऊन जा. ग्रुपवरच्या प्रकाराबद्दल आधी माफी मागा आणि मग त्यांना सांगा की, फोन न वापरणारी, यादी न पाहणारी, 'काय देऊ?' असे तोंडी विचारणारी जी जुनी माणसे आहेत, ती नेहमीप्रमाणे त्यांच्याकडेच विचारायला येणार आहेत, तेव्हा मावसबहिणीने आणि त्यांनी मिळून हे पाहावे. यादीची मोठ्या अक्षरांत छापलेली एक प्रत त्यांना द्या. कोणाला काय सुचवायचे आणि कोणाला काहीच न सुचवता 'तुम्ही या, तेवढे पुरे' असे म्हणायचे, हे त्यांना त्या शीटपेक्षा चांगले कळते.

आणि लग्नाच्या दिवशी वही त्यांनीच लिहावी, असा आग्रह धरा. या वेळी तिच्यात थोडा बदल करावा लागेल आणि तो त्यांना पटेल. वधूवरांना मिळालेल्या भेटींची लेखी नोंद ठेवण्याविषयी १९८५ सालचे केंद्र सरकारचे नियम आहेत. वधूला मिळालेल्या भेटींची यादी वेगळी आणि वराला मिळालेल्यांची वेगळी, प्रत्येक भेटीचे थोडक्यात वर्णन, अंदाजे किंमत, देणाऱ्याचे नाव, नातेवाईक असल्यास नाते, आणि शेवटी दोघांच्या सह्या, असे त्यांचे स्वरूप आहे. आपल्या घरांत हे नियम फारसे कोणाला माहीत नसतात, पण वही लिहिणाऱ्या बायका त्यातले बहुतेक सगळे पिढ्यानपिढ्या लिहीत आल्या आहेत. मुलीला मिळालेल्या वस्तू तिच्या मालकीच्या आहेत याची ती नोंद आहे आणि ती तिच्याजवळ असायला हवी. म्हणून दोनशे पानी वही आणा, मधोमध खूण घालून एक बाजू वधूची आणि दुसरी वराची करा, रकाने जाऊबाईंना आखू द्या, आणि वधूच्या बाजूच्या पहिल्या ओळीत आत्याबाईंची वाटी लिहायची आहे, हे त्यांना त्याच भेटीत सांगून ठेवा.